मल्टिपल स्क्लेरोसिसची राष्ट्रीय रजिस्ट्री : दिग्रसच्या रुग्णाचे तिच्याशी काय नाते?

यवतमाळ जिल्ह्याच्या दिग्रस तालुक्यातील एका शिक्षकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या धाकट्या, विवाहित बहिणीला मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, असल्याचे निदान नागपुरात झाले. उपचार सुरू असताना रुग्णालयाने राष्ट्रीय रजिस्ट्रीचे संमतिपत्र सहीसाठी पुढे केले. ही रजिस्ट्री म्हणजे नेमके काय, डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये ती असली तरी आपल्याकडे एवढ्या विरळ आजारासाठी तिची गरज काय, आणि आमच्या माणसाला त्यातून काय मिळणार, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. सही करावी की नाही, हा चौथा प्रश्न त्यांनी लिहिलेला नाही. पण खरा तोच असावा.

मी नागपुरात मेंदूविकाराचे रुग्ण तपासतो आणि यवतमाळ जिल्ह्यातही नियमित बाह्यरुग्ण तपासणीसाठी जातो. रजिस्ट्री म्हणजे एका आजाराच्या रुग्णांची ठरलेल्या पद्धतीने, वर्षानुवर्षे ठेवलेली नोंद. तिचे अर्ज भरण्याचे काम मी बरीच वर्षे केले आहे आणि इतरांनी भरलेले अर्ज तपासलेही आहेत. त्यावरून माझे मत असे झाले आहे की, रजिस्ट्रीत किती नावे आहेत यावरून तिची किंमत ठरत नाही. तोच रुग्ण पाच, दहा, वीस वर्षांनी पुन्हा दिसतो का, आणि रजिस्ट्रीपर्यंत न पोहोचलेले रुग्ण कोण आहेत याचा काही अंदाज बांधता येतो का, या दोन गोष्टींवर ती ठरते. या दोन्ही बाबतींत ग्रामीण विदर्भाने कोपनहेगनपेक्षा आपल्याच बार्शीच्या कर्करोग नोंदणीकडून अधिक शिकण्यासारखे आहे. ते का, हे पुढे सांगतो.

एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्याच्या नसेवरील मायलिन या आवरणावरच हल्ला करते. आजार बहुतेक वेळा विशी ते चाळिशीच्या वयात सुरू होतो, स्त्रियांमध्ये अधिक आढळतो, आणि पुढे तीस-चाळीस वर्षे सोबत राहतो. कधी एका डोळ्याची नजर जाते आणि महिन्याभरात परत येते, कधी पाय जड होतात, कधी कमरेखाली बधिरपणा येतो. औषधांच्या चाचण्या मात्र साधारण दोन ते तीन वर्षे चालतात, आणि त्यांत गरोदर स्त्रिया, वयस्कर माणसे, क्षयरोग किंवा कावीळ होऊन गेलेले रुग्ण बहुधा घेतलेच जात नाहीत. दोन वर्षांच्या चाचणीवर विसंबून तीस वर्षांच्या आजाराचे निर्णय घ्यायचे, ही या शाखेतील जुनी अडचण आहे. ती दूर करण्यासाठीच रजिस्ट्री लागते.

डेन्मार्कची रजिस्ट्री १९५६ मध्ये औपचारिकपणे सुरू झाली आणि देशभराच्या पातळीवरील ती या आजाराची सर्वांत जुनी रजिस्ट्री मानली जाते. तिचा पाया त्याआधी, १९४९ मध्ये, घातला गेला होता. के हिलेस्टेड या डॉक्टरांनी त्या वर्षी संपूर्ण देशातील एमएसच्या रुग्णांची पाहणी हाती घेतली होती. त्या काळी या आजारावर आजार रोखणारे एकही औषध नव्हते. म्हणजे औषध कोणते चांगले हे ठरवण्यासाठी ती नोंद झालेली नव्हती. आजार किती जणांना आहे, कोणाला होतो आणि पुढे काय होते एवढेच पाहायचे होते. हे आवर्जून सांगण्याचे कारण असे की, आपल्याकडे रजिस्ट्रीचा विषय निघाला की लगेच औषधांच्या तुलनेचा विचार सुरू होतो आणि मोजणीचे मूळ काम कंटाळवाणे म्हणून बाजूला पडते. डेन्मार्कने ते कंटाळवाणे काम चाळीस वर्षे आधी करून ठेवले. त्यामुळे १९९० च्या दशकात एमएसवरील इंटरफेरॉन या औषधाची इंजेक्शने बाजारात आली तेव्हा उपचारांची नोंद जोडण्यासाठी पाया तयार होता, आणि १९९६ पासून ती जोडली गेली.

डेन्मार्कला आणखी एका गोष्टीचा लाभ झाला. १९६८ पासून तिथे प्रत्येक नागरिकाला एकच कायम क्रमांक आहे. रुग्णालयातील भरती, मृत्यूचे कारण आणि स्थलांतर यांच्या सगळ्या नोंदी त्या क्रमांकाने एकमेकींना जोडता येतात. रुग्ण गाव सोडून गेला, त्याने डॉक्टर बदलला, तरी तो नजरेआड होत नाही. या जोडणीतूनच एमएसच्या रुग्णांचे आयुष्य सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा सुमारे दहा वर्षांनी कमी असल्याचे आणि ही तफावत पुढच्या दशकांत घटत गेल्याचे दिसले. तिथे १९५० ते २००९ या काळात स्त्रियांमध्ये दरवर्षी नव्याने होणाऱ्या आजाराचे प्रमाण जवळपास दुप्पट झाले, पुरुषांमध्ये मात्र सुमारे एक तृतीयांशानेच वाढले. हा निष्कर्ष मला विशेष महत्त्वाचा वाटतो. निदानाची साधने सुधारली म्हणून आकडा वाढला असता, तर तो दोघांमध्येही सारखाच वाढायला हवा होता. साठ वर्षे एकाच पद्धतीने मोजले म्हणूनच हा फरक पकडता आला. कारण अजून पूर्ण उलगडलेले नाही, पण विचारण्याजोगा प्रश्न हाती आला.

स्वीडनचे उदाहरण आपल्या रुग्णांना थेट लागू पडते. तिथल्या डॉक्टरांनी एमएससाठी रिटुक्सिमॅब हे औषध मोठ्या प्रमाणावर वापरले. ते मुळात रक्ताच्या कर्करोगासाठी आणि पुढे संधिवातासाठी मंजूर झालेले आहे. एमएससाठी त्याची अधिकृत मंजुरी नाही, आणि औषध जुने असल्याने कोणत्याही कंपनीला त्याची मोठी चाचणी करण्यात स्वारस्य नव्हते. परंतु स्वीडिश रजिस्ट्रीत हजारो रुग्णांची नोंद नियमित होत असल्यामुळे या औषधावरील रुग्णांची दुसऱ्या औषधांवरील रुग्णांशी तुलना करता आली. त्यानंतर रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून रीतसर चाचणी झाली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत २०० रुग्ण होते. दोन वर्षांत आजाराचा नवा झटका येणाऱ्या रुग्णांचे प्रमाण रिटुक्सिमॅबच्या गटात ३ टक्के, तर डायमिथाइल फ्युमरेट या गोळ्यांच्या गटात १६ टक्के आढळले. भारतात रिटुक्सिमॅबची देशी आवृत्ती २००७ पासून मिळते आणि एमएसच्या इतर बहुतेक नव्या औषधांच्या तुलनेत ती बरीच स्वस्त पडते. त्यामुळे तुमच्या बहिणीला हे औषध सुचवले गेले असेल, तर त्या सल्ल्यामागे स्वीडनमधील अनोळखी रुग्णांनी वर्षानुवर्षे करू दिलेल्या नोंदींचाही हात आहे.

त्या नोंदी आपल्यासाठी पुरेशा मात्र नाहीत. रिटुक्सिमॅब दिल्यावर संसर्गाचा धोका वाढतो, म्हणून आधी कावीळ ब आणि क्षयरोगाची तपासणी करतात. स्वीडनमध्ये क्षयरोग क्वचितच दिसतो; यवतमाळ किंवा गडचिरोलीत तो रोज दिसतो. आपल्याकडे हे औषध पाच वर्षे घेतलेल्या शंभर रुग्णांपैकी कितींना क्षयरोग झाला, याचे उत्तर स्टॉकहोमच्या संगणकात सापडणार नाही. भारतीय रजिस्ट्री का हवी, याचे माझ्या दृष्टीने सर्वांत सोपे उत्तर हेच आहे.

इतर देशांविषयी थोडक्यात लिहितो. नॉर्वेने २००१ मध्ये बर्गनमधून राष्ट्रीय रजिस्ट्री सुरू केली. ब्रिटनमध्ये २०११ पासून स्वान्सी विद्यापीठातून चालणाऱ्या रजिस्ट्रीत रुग्ण स्वतःही ऑनलाइन माहिती भरतात. तिथे साक्षरता आणि इंटरनेट या दोन्ही गोष्टी गृहीत धरता येतात, म्हणून तो प्रयोग साधला. ऑस्ट्रेलियातून चालणारे एमएसबेस हे जाळे २००४ पासून अनेक देशांतील केंद्रांची माहिती एकत्र करते. कोविडच्या साथीत इटलीतील नोंदींवरून रिटुक्सिमॅबच्या वर्गातील औषधे घेणाऱ्यांना गंभीर आजाराचा धोका अधिक असल्याचे काही महिन्यांतच लक्षात आले, आणि जगभरच्या डॉक्टरांनी पुढचा डोस पुढे ढकलावा का याचा विचार सुरू केला. रजिस्ट्री आधीपासून चालू नसती, तर हे इतक्या लवकर कळले नसते.

आता आपल्या देशाकडे वळतो. भारतात एमएस किती, याचे जुने अंदाज फार कमी होते. १९८० च्या दशकात रुग्णालयांच्या नोंदींवरून दर लाख लोकसंख्येमागे एक ते दोन रुग्ण असे मानले जाई. त्याच सुमारास मुंबईच्या पारशी समाजात मात्र घरोघरी जाऊन शोध घेतला, तेव्हा दर लाखी वीसहून अधिक रुग्ण आढळले. पुढे मंगळुरूमध्ये डॉ. लेखा पंडित यांनी रजिस्ट्रीच्या आधारे केलेल्या अभ्यासात हे प्रमाण दर लाखी सुमारे आठ निघाले. या आकड्यांवरून भारतात एमएस वाढला असे म्हणण्याचा मोह होतो. पण या काळात एमआरआय यंत्रे आली, न्यूरॉलॉजिस्ट वाढले, आणि २००१ पासून एमएस ओळखण्याच्या मॅकडोनाल्ड निकषांमुळे निदान लवकर होऊ लागले. त्यामुळे आकडा कशामुळे वाढला हे सांगता येत नाही. डेन्मार्कला जे सांगता आले ते आपल्याला येत नाही, कारण आपण एका पद्धतीने सलग मोजलेलेच नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अर्थसाहाय्याने आणि दिल्लीच्या एम्सच्या समन्वयाखाली २०२१ पासून देशपातळीवरील रजिस्ट्रीचे काम सुरू झाले आहे. तिचे वैशिष्ट्य असे की, ती केवळ एमएसपुरती नसून एमएससारख्या दिसणाऱ्या मायलिनच्या इतर आजारांचीही नोंद ठेवते. हा निर्णय मला अत्यंत योग्य वाटतो. न्यूरोमायलायटिस ऑप्टिका या आजारात अॅक्वापोरिन-४ नावाच्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. ती ओळखणारी रक्तचाचणी २००४ नंतर उपलब्ध झाली. त्याआधी असे अनेक रुग्ण एमएस म्हणूनच गणले जात. आणि एमएसची काही औषधे, उदाहरणार्थ इंटरफेरॉन, या आजारात दिली तर तो बिघडू शकतो. भारतात एमएसच्या तुलनेत या आजाराचा वाटा युरोपापेक्षा मोठा आहे. म्हणून तुमच्या बहिणीच्या फाइलमध्ये ही रक्तचाचणी झाल्याचा कागद आहे का, ते आजच पाहा. नसेल तर पुढच्या भेटीत विचारा.

विदर्भात गोंधळात टाकणारे आजार आणखीही आहेत. मणक्याचा क्षयरोग, ब१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मेंदूतील फीतकृमीच्या गाठी ही नावे देशात सर्वत्र ऐकू येतात. पण सिकलसेलमुळे तरुण वयात मेंदूच्या रक्तपुरवठ्यावर होणारा परिणाम आणि पूर्व विदर्भात जुन्या पिढीत दिसणारा, लाखोळी डाळ महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ल्याने होणारा पायांचा ताठरपणा, या दोन गोष्टी इथल्या डॉक्टरला विसरता येत नाहीत. लाखोळीच्या विकारात संवेदना शाबूत राहतात आणि आजार एमएससारखा कमी-जास्त होत नाही, म्हणून तो बारकाईने विचारपूस केल्यावर वेगळा काढता येतो. सिकलसेलमध्ये एमआरआयवरचे पांढरे ठिपके मात्र चकवू शकतात. रजिस्ट्रीचा अर्ज दिल्लीत तयार झाला, तर त्यात सिकलसेलचा रकाना आपणहून येणार नाही. तो मागावा लागेल.

अर्ज भरणे हे किती नाजूक काम आहे, ते दोन-तीन गोष्टींवरून सांगतो. पहिला रकाना आजाराच्या सुरुवातीच्या तारखेचा असतो. आमच्याकडील रुग्ण तारीख सांगत नाही. तो सांगतो, 'पोळ्याच्या आधी', 'कापूस वेचणी चालू होती तेव्हा', 'मोठ्या भावाच्या लग्नाच्या साली'. यातून महिना आणि वर्ष काढता येते, आणि पोळा श्रावण अमावास्येला असल्याने बऱ्यापैकी नेमकेपणाने काढता येते. परंतु संगणकाचा रकाना दिवसासह पूर्ण तारीख मागतो. घाईत असलेला कर्मचारी तिथे १ जानेवारी टाकून पुढे जातो. अशा शे-दोनशे नोंदी जमल्या की आजार जानेवारीत अधिक सुरू होतो असे दिसू लागते, आणि कोणी तरी त्यावर थंडीचा संबंध जोडणारा लेखही लिहू शकतो. दिवस माहीत नसेल तर तसे लिहिण्याची सोय हवी, आणि रुग्णाने सांगितलेला सण किंवा हंगाम शेजारी जसाच्या तसा लिहून ठेवायला हवा.

दुसरी गोष्ट उन्हाची. शरीराचे तापमान वाढले की मायलिन गेलेल्या नसेतून संदेश नीट जात नाही आणि जुनी लक्षणे तात्पुरती परत येतात. जर्मन नेत्रवैद्य उथॉफ यांनी १८९० मध्ये याचे वर्णन केले आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात असताना एक बाई मला म्हणाल्या, "उनात गेली का डोयासमोर धुकं येते, सावलीत बसली का जाते." हा आजाराचा नवा झटका नव्हे. नवा झटका म्हणण्यासाठी लक्षण किमान चोवीस तास टिकायला हवे, त्या वेळी ताप किंवा संसर्ग नसावा, आणि आधीच्या झटक्यापासून किमान तीस दिवस उलटलेले असावेत. हा भेद न करता नोंद केली, तर विदर्भातील रुग्णांना उन्हाळ्यात झटके अधिक येतात असे खोटे चित्र तयार होईल. त्याहून वाईट म्हणजे, औषध निकामी ठरले असे समजून ते बदलले जाईल. म्हणून मी लक्षण किती वेळ टिकले आणि सावलीत, गार पाण्याने ते कमी झाले का, या दोन प्रश्नांची उत्तरे अर्जात लिहिल्याशिवाय झटक्याच्या रकान्यात हो लिहू देत नाही.

तिसरी गोष्ट चालण्याच्या मोजमापाची. कुर्त्झके यांनी १९८३ मध्ये मांडलेले अपंगत्वाचे मोजमाप जगभर वापरतात. ते शून्यापासून दहापर्यंत अर्ध्या-अर्ध्या गुणाने चढते. आधाराशिवाय सुमारे पाचशे मीटर चालता आले तर चार गुण, एका काठीच्या आधाराने शंभर मीटर जमले तर सहा. आमच्या बाह्यरुग्ण विभागाच्या बोळात पाचशे मीटर चालवून पाहणे अशक्य असते, म्हणून बहुतेक ठिकाणी अंदाजाने गुण टाकले जातात. मी घरापासून वावर किती लांब, वाटेत कुठे बसावे लागते, बांधावरून चालताना तोल जातो का, असे विचारतो. मागच्या दिवाळीत थेट वावरात पोहोचणारा माणूस यंदा मारुतीच्या पारावर थांबतो, हे कळले की अंतर नंतर मोजून घेता येते. अशी माहिती बोळातल्या अंदाजापेक्षा नक्कीच अधिक विश्वासार्ह असते.

यापेक्षाही कठीण प्रश्न ओळखीचा आहे, आणि तो तुमच्या बहिणीला थेट लागू होतो. एमएस तरुण स्त्रियांचा आजार आहे, आणि आपल्याकडे त्याच वयात स्त्रीचे नाव, आडनाव, पत्ता आणि फोन हे सारेच बदलते. माहेरच्या नावाने सेवाग्रामला झालेली पहिली तपासणी, सासरच्या नावाने नागपुरात झालेला एमआरआय आणि कोणी तरी सांगितले म्हणून हैदराबादला घेतलेला सल्ला, या तीन नोंदी संगणकाला तीन बायका वाटतात. अशाने रुग्णसंख्या फुगते आणि त्या तिघींपैकी दोघी पुन्हा कधी आल्याच नाहीत असेही दिसते. डेन्मार्कच्या कायम क्रमांकासारखी सोय आपल्याकडे आभा या सरकारी डिजिटल आरोग्य खात्याच्या क्रमांकाच्या रूपाने आली आहे. पण तो घेणे ऐच्छिक आहे आणि जुन्या कागदांवर तो नाही. म्हणून माहेरचे पूर्ण नाव, आईचे नाव आणि जन्मगाव हे तीन रकाने मी आवश्यक मानतो. ते बदलत नाहीत.

याच विषयाला एक अवघड बाजू आहे. अनेक कुटुंबांत आजार सासरपासून लपवलेला असतो, कधी लग्नाआधी, कधी नंतरही. तो संसर्गजन्य नाही, आणि आईला असला म्हणून मुलांना होईलच असेही नाही, बहुसंख्य मुलांना तो होत नाही. तरीही भीती आहे, आणि तिचे परिणाम त्या स्त्रीलाच भोगावे लागतात. रजिस्ट्रीच्या कर्मचाऱ्याने पाठपुराव्यासाठी घरच्या फोनवर फोन करून "एमएसची पेशंट इथेच राहते का?" असे विचारले, तर काय होईल याची कल्पना तुम्ही करू शकता. म्हणून संमती घेताना कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, कोणत्या वेळी, आणि दुसऱ्या कोणी उचलला तर काय बोलायचे, हे रुग्णाला स्वतंत्रपणे विचारून लिहून घेतले पाहिजे. भाऊ म्हणून तुम्ही सोबत असाल, तरी हा प्रश्न तिला एकटीला विचारला जाऊ द्या.

पाठपुरावा हा रजिस्ट्रीचा प्राण आहे आणि आपली सर्वांत दुबळी बाजूही. सातबाऱ्यावर फेरफार चढला नाही तर मूळ नोंद कितीही सुबक असली तरी तिच्यावरून आज जमीन कोणाची हे कळत नाही. रुग्णाच्या नोंदीचे तसेच आहे. पहिल्या भेटीचा अर्ज उत्साहाने भरला जातो, दुसऱ्या वर्षी निम्मा, आणि संशोधन प्रकल्पाचा निधी संपला की कोणीच भरत नाही. जे रुग्ण येत राहतात ते एक तर बरे चाललेले, शहराजवळचे आणि पैसे असलेले असतात, किंवा अगदीच बिघडलेले. मधले सगळे गळतात. मग औषध दोन वर्षांनी बंद झाले असे दिसते, पण का झाले ते कळत नाही. परदेशी अर्जांत औषध बंद करण्याची कारणे म्हणून परिणाम नाही, दुष्परिणाम, गरोदरपण, असे पर्याय असतात. आमच्याकडील खरी कारणे वेगळी असतात : पैसे संपले, योजनेत बसले नाही, सोबत यायला कोणी नव्हते, पेरणीचे दिवस होते, बरे वाटले म्हणून सोडले. हे पर्याय अर्जात नसतील तर ते सारे इतर या रकान्यात जातात आणि औषध अपयशी ठरल्यासारखे वाटते.

आता न पोहोचलेल्या रुग्णांविषयी. २०११ च्या जनगणनेत यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २७.७ लाख होती. मंगळुरूचा दर इथे लागू होईलच असे नाही, पण केवळ अंदाजासाठी तो धरला तर जिल्ह्यात दोनशेच्या वर रुग्ण असायला हवेत. तेवढे रुग्ण जिल्ह्यातील कोणत्याही डॉक्टरांच्या नोंदवहीत नाहीत. ते आहेत कुठे? काही मुंबई-पुण्यात उपचार घेत असतील, काहींवर लकवा म्हणून उपचार झाले असतील, काहींच्या डोळ्याची नजर गेली आणि आली म्हणून कोणी फार विचारले नसेल. आशाताईंना घरोघरी पाठवून हे रुग्ण सापडणार नाहीत, कारण साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा असते आणि या दराने तिच्या वाट्याला तिच्या पूर्ण कारकिर्दीत एकही रुग्ण न येण्याचीच शक्यता अधिक. तिच्यावर आणखी एक रजिस्टर लादण्याला माझा स्पष्ट विरोध आहे.

मार्ग दुसरा आहे आणि तो महाराष्ट्राने एकदा करून दाखवला आहे. १९८७ मध्ये बार्शीत देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतील ३४६ गावे तिच्या कक्षेत होती. रुग्ण रुग्णालयात येण्याची वाट न पाहता तिचे कार्यकर्ते गावोगावी गेले, गावकऱ्यांशी बोलले, लक्षणे समजावून सांगितली, संशयित रुग्णांना तपासणीपर्यंत आणले. काही वर्षांतच गर्भाशयमुखाचा कर्करोग आधीच्या टप्प्यात सापडण्याचे प्रमाण तिथे वाढले. म्हणजे मोजण्यासाठी सुरू केलेल्या कामानेच उपचार लवकर मिळू लागले. विदर्भातही सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतून वर्धा जिल्ह्याची लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी चालते. एका ठरलेल्या भूभागातील प्रत्येक रुग्ण शोधायचा, ही शिस्त इथल्या माणसांना नवी नाही.

एमएससाठी ती पद्धत जशीच्या तशी चालणार नाही, कारण आजार फार विरळ आहे. तरी तिचा गाभा घेता येतो. संपूर्ण देश धरण्याआधी एकच जिल्हा घ्यावा, आणि तिथे रुग्ण ज्या अरुंद वाटांवरून हमखास जातो तिथेच उभे राहावे. एमआरआय केंद्रे मोजकी असतात. त्यांच्या अहवालांत मायलिनच्या आजाराची शंका लिहिलेली प्रत्येक नोंद महिन्याला एकदा तपासता येते. झटक्यात शिरेतून तीन ते पाच दिवस स्टिरॉइडची मोठी मात्रा द्यावी लागते, त्यामुळे त्या औषधाचा भरती रुग्णांसाठी झालेला वापर हा दुसरा धागा. नेत्रतज्ज्ञांकडे येणारे नसेच्या सुजेचे तरुण रुग्ण हा तिसरा, आणि दिव्यांग प्रमाणपत्राची शिबिरे चौथा. एकाच रुग्णाचे नाव किती वाटांवर सापडते आणि किती जण एकाच वाटेवर दिसतात, यावरून अजून न सापडलेल्यांची संख्या गणिताने अंदाजता येते. अशा एका जिल्ह्याचा खरा आकडा देशभरच्या मोठ्या रुग्णालयांतील हजारो नावांइतकाच मोलाचा ठरेल, आणि त्या हजारो नावांचा अर्थ लावायलाही तोच उपयोगी पडेल.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आडपडदा न ठेवता देतो. रजिस्ट्रीत नाव आल्याने तुमच्या बहिणीला औषध मोफत मिळणार नाही, पेन्शन मिळणार नाही, आणि दिव्यांग प्रमाणपत्रही मिळणार नाही. हा गैरसमज गावात सर्रास आढळतो, कारण नाव नोंदवणे म्हणजे योजनेत बसणे असा आपला अनुभव आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिसचा स्पष्ट समावेश आहे, पण त्याचे कार्ड वेगळ्या अर्जाने, जिल्हा रुग्णालयाच्या मंडळाकडून मिळते. तो अर्ज अवश्य करा, त्याचा रजिस्ट्रीशी संबंध नाही. रजिस्ट्रीचा तिला होणारा प्रत्यक्ष लाभ एवढाच की, वर्षातून किमान एकदा तिची ठरलेल्या पद्धतीने पूर्ण तपासणी होते आणि कागद एका जागी राहतात. तिच्यासारख्या इतरांना होणारा लाभ मोठा आहे, पण तो उद्या दिसणार नाही.

सही करण्यापूर्वी संमतिपत्र मराठीत मागा आणि त्यात पुढील गोष्टी लिहिलेल्या आहेत का ते पाहा : माहिती कोणत्या संस्थेकडे राहणार, नाव आणि आजाराची माहिती वेगवेगळी ठेवली जाणार का, औषध कंपन्यांना ती दिली जाणार का आणि कोणत्या स्वरूपात, रक्ताचा नमुना साठवला जाणार असेल तर त्यासाठी वेगळी संमती आहे का. एकाच सहीत हे सारे गुंडाळलेले असेल तर ते सुटे करून मागण्याचा तुम्हाला अधिकार आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सहभाग ऐच्छिक असतो, तो केव्हाही मागे घेता येतो, आणि नकार दिल्याने उपचारांत फरक पडता कामा नये. कोणी तसे सुचवले तर रुग्णालयाच्या नैतिकता समितीकडे लेखी तक्रार करा; समितीचा पत्ता संमतिपत्रावरच छापलेला असतो. तुमच्या बहिणीने सही करावी असे मला वाटते, पण सही तिची आहे, तुमची नाही.

पुढच्या भेटीला येताना सगळे एमआरआय फिल्म किंवा सीडीसह, रक्तचाचण्या आणि आजवरच्या औषधांच्या चिठ्ठ्या आणा. एका वहीत तिने स्वतः लिहावे की कोणते लक्षण कधी सुरू झाले, किती दिवस टिकले, तेव्हा ताप होता का, ऊन किती होते. गरोदरपणाचा विचार असेल तर तो औषध सुरू होण्याआधी सांगावा, कारण काही औषधे बरेच महिने आधी थांबवावी लागतात. सासर किंवा गाव बदलले, तर नव्या पत्त्यासोबत जुने नावही कळवावे.